अकरा अर्ज, एक अक्षर

आता मुलं माझ्याकडे येतात ती फोन हातात घेऊनच. शनिवारी दुपारी आमच्या वस्तीच्या संघटनेच्या खोलीत मी टेबल मांडून बसते. फीच्या मदतीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, शैक्षणिक कर्जाचा अर्ज, जे असेल ते. मुलगी अंगठ्याने टकाटक टाइप करते, चौकटी भरत जातात, एखादी चौकट लाल झाली की आम्ही दोघी तिच्याकडे डोळे वटारून बघतो, आणि शेवटी एकदाची हिरवी खूण येते. झालं काम. कुणाचा अर्ज कुणी भरला, कुणाला पत्ता लागत नाही. सगळ्यांचं अक्षर सारखंच.

आणि या एकसारख्या अक्षरापायीच एका वर्षी आमच्या गल्लीतल्या अकरा मुलांचं कॉलेज बुडत होतं, असं सांगितलं की या मुली हसतात. हसा म्हणावं. तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी पेंटरकाकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. आत पाट्या रंगवणं चालायचं. दवाखान्यांच्या, वकिलांच्या, ‘येथे गाडी लावू नये’च्या. टर्पेंटाइनचा वास इतका मुरलेला की आम्ही शाळेतून येताना डोळे मिटून चाललो तरी घर कुठे आलं ते नाकाला कळायचं. काका उंच, काटकुळे, कानावर कायम पेन्सिलीचं थोटूक, आणि बोटांवर सतरा रंग. खिशात पैसा नसायचा, पण तोरा असा की मोठमोठे वकील पाटीसाठी चार चार दिवस ताटकळायचे. घाई केली तर काका म्हणायचे, “वाळू द्या साहेब. तुमच्या केससारखी लटकलेली बरी नाही, पण ओली नेली तर नाव पुसेल.”

रस्त्याने चालताना ते माणसं बघायचे नाहीत, पाट्या बघायचे. दुसऱ्या कुणी रंगवलेली पाटी दिसली की थांबायचे, मान तिरपी करायचे आणि असं तोंड करायचे की जणू दूध नासलंय.

त्यांची रीत अशी. रंगात बुडवलेली दोरी दोन खिळ्यांना ताणून टण्णकन सोडायची, म्हणजे पत्र्यावर सरळ रेघ उमटते. तिच्याखाली अक्षरं काढायची, पण डोक्यावरची रेघ द्यायची नाही. सगळी ओळ अशी बोडकी उभी राहिली की मग श्वास रोखून एका दमात, डावीकडून उजवीकडे, अख्ख्या ओळीवर एकच रेघ. “आधी माणसं उभी करा,” म्हणायचे, “छप्पर मागून.” त्यांचा ‘ल’ पोटाने मोठा, ‘श’ला गाठ, आणि ‘र’चा पाय लांब ताणलेला, बाकावर ऐसपैस बसलेल्या माणसासारखा.

गल्लीतल्या झाडून सगळ्या मुलांनी याच दुकानात अक्षर गिरवलं. पाटी-पेन्सिल नाही. काळा रंग दिलेला एक बाद पत्रा होता, आणि पाण्यात बुडवलेला ब्रश. पाण्याने लिहायचं. उन्हात बघता बघता वाळून जायचं. मी एकदा माझं नाव फार सुरेख काढलं आणि आईला बोलवायला पळत गेले. येऊन बघते तर पत्रा कोराकरकरीत. मी रडले. काका म्हणाले, “परत काढ. हातात असेल तर परत येईल.”

मी आठवीनंतर शाळा सोडली आणि खोक्यांच्या कारखान्यात चिकटवणीला लागले. आई घरी कपड्यांना काजं-बटणं करायची. वडील नव्हते. आम्हा दोघींच्या हातांवर तिसरीला शिकवायचं ठरलेलं होतं, ती माझी धाकटी बहीण. घरात तिचं नावच धाकटी. बारावीला तिने आमच्या गल्लीत कुणी मिळवले नव्हते एवढे मार्क मिळवले आणि फार्मसीच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. नंबर लागला तेव्हा आम्ही नाचलो, आणि फीचा कागद बघितला तेव्हा खाली बसलो.

रस्ता एकच होता. निम्मी फी शिक्षण कचेरीच्या मदतीतून, उरलेली बँकेच्या कर्जातून. बँकवाला म्हणे, आधी मदतीचं मंजुरीपत्र आणा, मग कर्जाचं बोलू. कॉलेज म्हणे, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत दोन्ही कागद आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. म्हणजे सगळं त्या मदतीच्या अर्जावर लटकलेलं.

आणि मदतीचे अर्ज आमच्या गल्लीत पेंटरकाका भरायचे. त्याला कारण होतं. अर्जावर वरच छापलेलं असायचं, ‘खाडाखोड केलेला अर्ज बाद समजण्यात येईल.’ अर्ज मिळायचा एकच. आमच्या आयाबापांचे हात कापायचे, मुलांच्या हाताला घाम सुटायचा. काकांच्या हातून मात्र आयुष्यात कधी खोडलं गेलं नव्हतं. ते तिरक्या टोकाच्या निबने लिहायचे, आधी पेन्सिलीची पुसट रेघ मारायचे आणि शेवटी ती पावाच्या तुकड्याने उडवायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. कुणी चहा आणला तर प्यायचे, तोही साखर कमी असेल तर बोलून दाखवायचे.

त्या वर्षी अकरा अर्ज होते. धाकटीचा त्यांनी सगळ्यात शेवटी, सगळ्यात निवांत भरला. मी बाजूलाच बसले होते. भरून झाल्यावर त्यांनी कागद उलटा केला. मागे मुंगीएवढ्या अक्षरात पंधरा-वीस नियम छापलेले. काकांनी चष्मा वर केला, खाली केला, तोंड वाकडं केलं.

“बघ हे,” मला म्हणाले. “दोन ओळींत बोटभर जागा नाही. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला नको? कुणी छापलं असेल हे?”

“काय लिहिलंय पण?”

“काय का असेना. असं छापणाऱ्याकडे सांगण्यासारखं काय असणार.”

आणि कागद सुलटा केला. नववा नियम आम्ही दोघांनीही वाचला नाही.

मंगळवारी कचेरीच्या फळ्यावर कागद लागला. मंजूर नावांचा नव्हे. ‘पुढील अकरा अर्ज एकाच हाताचे असून एजंटमार्फत भरल्याचा संशय आहे. नियम नऊ: अर्ज अर्जदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावा. चौकशी होईपर्यंत स्थगित.’ खाली अकरा नावं, सगळी आमची. धाकटी माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. तिने फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

मला तेव्हा राग आवरायची कला नव्हती. आता आहे असंही नाही, पण आता मी तो कुठे वापरायचा ते ठरवते. तेव्हा सरळ खिडकीवर गेले आणि लाकडावर हात आपटला.

“एजंट कुणाला म्हणता हो?”

खिडकीतला कारकून डबा खात होता. त्याने घास गिळला. “अर्ज कुणी भरले?”

“आमच्या पेंटरकाकांनी. आमच्या घरचा माणूस आहे तो. एक पैसा घेत नाही. या वर्षीचं काय घेऊन बसलात, दरवर्षी गल्लीतले सगळे अर्ज तेच भरतात.”

“दरवर्षी?” तो म्हणाला. डबा बाजूला सारला, हात पुसले आणि लिहून घेतलं. “बरं झालं सांगितलंत. मागच्या वर्षांचे पण काढून बघायला हवेत.”

अकरा मुलांचं वाचवायला गेले होते, आणि जी मुलं आधीच कॉलेजात शिकत होती त्यांच्याही पायाखालची सतरंजी मीच ओढली. धाकटी मागून हळूच म्हणाली, “ताई, चल. अजून काही बोलू नकोस.”

संध्याकाळी दुकानात जाऊन काकांना सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या ‘दरवर्षी’सकट. ते ब्रश धूत होते. एजंट हा शब्द ऐकल्यावर हात थांबला, मग परत चालू झाला. ब्रश धुऊन झाला, पुसून झाला, केसांना टोक काढून झालं, तरी ते पुसतच होते.

“पैसे घेतले म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“संशय आहे म्हणतात.”

“संशय,” ते म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. “चाळीस वर्षं झाली हात चालतोय. वाईट लिहिलं म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. चांगलं लिहिलं म्हणून पहिल्यांदा धरलं.”

मला वाटलं, आता हे हातातलं टाकून सरळ घरी जातील. मानी माणूस. मी असते तर गेले असते. पण त्यांनी विचारलं, “धाकटीची तारीख कुठली?”

“शनिवार.”

“मग गुरुवारी जाऊ. सगळी मुलं घे. उद्या मला दातवाल्याची पाटी द्यायचीय.”

“आणि तिथे काय बोलायचं?”

“तू काही बोलायचं नाहीस,” काका म्हणाले. पाटी ठोकायला चढताना ते चुका, ते बारीक खिळे, तोंडात धरायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. चुकांच्या डबीतून दोन काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. “बोलावंसं वाटलं की या ओठांत धर. मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचं असंच ऐकत आलोय.”

गुरुवारी आम्ही तेरा जण कचेरीत गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बोटं रॉकेलने घासून घासून लाल केली होती. तरी नखांच्या कडेला निळा रंग राहिलाच होता. खिडकीवाल्याने आम्हाला आत मोठ्या बाईंकडे पाठवलं. त्या मुख्य अधिकारी. गळ्यात दोरीचा चष्मा, समोर आमच्या अर्जांची चळत, आणि बाजूला मागच्या वर्षांचा एक जाडजूड गठ्ठा. तो माझ्या ‘दरवर्षी’चाच होता.

“तुम्हीच का ते?” बाईंनी काकांना विचारलं.

“मीच,” काका म्हणाले. “अर्ज मी भरले. मुलांची चूक नाही.”

“अर्जाला किती घेता?”

मी एक चूक ओठांत धरली.

“चहा,” काका म्हणाले. “तोही कधी कधी.”

बाई हसल्या नाहीत. “सगळे असंच सांगतात. नियम वाचला नव्हता?”

काकांनी खाली बघितलं. “नाही वाचला. अक्षर बारीक होतं म्हणून नाक मुरडलं. ती चूक माझी.”

एवढा तोऱ्याचा माणूस असं बोलला आणि माझ्या तोंडातली चूक जिभेला टोचली. बाईंनी शिपायाला अकरा कोरे अर्ज आणायला सांगितलं.

“इथे, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने लिहा. खाडाखोड झाली तर बाद. आणि तुम्ही,” काकांना म्हणाल्या, “त्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसा. खुणा करायच्या नाहीत.”

साठीच्या माणसाला तिने भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी दुसरी चूकही तोंडात घातली.

खोलीतली तीन टेबलं, खिडकीचा कट्टा, एक स्टूल, जिथे जागा मिळाली तिथे मुलं बसली. धाकटी खाली फरशीवर, मांडीवर पुठ्ठा घेऊन. पेनांची कुरकुर सोडली तर आवाज नाही. बाई एकेकाच्या मागे जाऊन उभ्या राहत होत्या. पहिल्या मुलाच्या मागे थोडा वेळ, दुसऱ्याच्या मागे जरा जास्त, आणि धाकटीच्या मागे बराच वेळ. मग परत पहिल्याकडे गेल्या. मला वाटलं, कुणाची तरी खाडाखोड झाली.

अर्ज गोळा झाले. बाईंनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. शेजारी जुने अकरा ठेवले. खिडकीवाला मागून डोकावला आणि म्हणाला, “मॅडम, हे तर परत त्यानेच लिहिलेत.”

“मी इथे उभी होते,” बाई म्हणाल्या.

बावीस अर्ज आणि अक्षर एक. सगळ्यांचा ‘ल’ पोटाने मोठा, सगळ्यांच्या ‘श’ला गाठ, सगळ्यांचा ‘र’ पाय ताणून बसलेला. आमच्या पोरांना दुसरं अक्षर येतच नव्हतं. आम्हाला ते कधी दिसलंच नव्हतं. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं.

बाईंनी धाकटीला पुढे बोलावलं. एक कोरा कागद दिला. “नाव लिही. हळू.”

धाकटीने सगळी अक्षरं काढली, बोडकी. मग थांबली, श्वास रोखला, आणि एका दमात वरून रेघ ओढली.

“हे असं का लिहितेस? रेघ शेवटी का?”

“आधी माणसं उभी करायची,” धाकटी म्हणाली, “छप्पर मागून.”

“कुणी शिकवलं?”

धाकटीने बोट केलं नाही. सगळ्या मुलांनी एकदमच भिंतीकडे बघितलं. काका तसेच पाठमोरे. पण त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. आवाज बदलला होता. “अर्ज यांनी माझ्यासमोर लिहिले, ते मी घेते. मागचा गठ्ठा परत कपाटात जाईल. फक्त फाइलला एक कागद लागेल. तुम्ही कुणाकडून काही घेतलेलं नाही, असं लिहून द्या.” छापील फॉर्म होता. नाव, पत्ता, व्यवसाय, शिक्षण, आणि खाली सही.

काकांनी खिशातून निब काढली. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. व्यवसायापुढे ‘पाट्या रंगवणे’ असं लिहिलं, पाटी शोभावी असं. आणि पुढच्या रकान्याशी हात थांबला.

तो हात मी आयुष्यभर बघितला होता. शिडीच्या टोकावर, वाऱ्यात, ताप अंगात असताना, कधी थांबलेला नव्हता. मला वाटलं निब सुकली. मग रकाना वाचला आणि समजलं. गल्लीत सगळे धरून चालले होते की काका भरपूर शिकलेले. ज्याचं अक्षर असं, तो शिकलेलाच असणार. त्यांनीही कधी कुणाचा गैरसमज काढला नव्हता.

आजूबाजूला अकरा मुलं उभी होती, सगळी बारावी झालेली.

काकांनी लिहिलं, ‘तिसरी.’ दोन अक्षरं उभी केली, तिसरं केलं, आणि वरून रेघ दिली. बाईंनी कागद घेतला, वाचला, वर बघितलं, आणि शिक्का मारला. मग धाकटीच्या अर्जावर स्वतः शेरा लिहिला. तो मला पाठ आहे, कारण नंतर मी दहा ठिकाणी तो वापरला: ‘अर्जदाराने समक्ष लिहिले. अक्षर सारखे असणे हा दोष नाही.’

परत येताना अर्ध्या रस्त्यात धाकटी म्हणाली, “काका, मी पण तिसरीतच होते, तुम्ही मला शिकवलंत तेव्हा.” ते म्हणाले, “मग बरोबर आहे. माझ्याकडे तेवढंच होतं.”

त्यानंतर काकांनी कुणाचा अर्ज भरला नाही. मुलांना समोर बसवायचे, कागद आधी उलटा करायला लावायचे, आणि बारीक अक्षरातला एकेक नियम मी मोठ्याने वाचून दाखवायचा, असा दंडक पडला. मी कारखान्यातून सुटले की तिथेच. कुठला कागद कुणाला अडवतो, कुठला सोडवतो, हे मला त्या पत्र्याच्या दुकानात कळत गेलं. लोक मला विचारतात, ताई तुमचं शिक्षण कुठे झालं. माझं सगळं शिक्षण कागदाच्या मागच्या बाजूला झालं.

आज दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, त्याची पाटी दिवसासुद्धा लुकलुकते. काका जाऊन बारा वर्षं झाली. धाकटीच्या औषधाच्या दुकानावर त्यांच्या हातची पाटी अजून आहे. ती डब्यांवर गोळ्यांची वेळ लिहून देते, तेव्हाही रेघ शेवटीच देते. आणि माझ्या पर्समध्ये सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात दोन चुका असतात. कचेरीत शिरताना मी त्या चाचपून बघते.

पण मला आठवतो तो शनिवार. सकाळी अकराला कचेरीच्या फळ्यावर मंजूर नावांची यादी लागली. बँकेत जायला धाकटी कागद छातीशी धरून तयार उभी, आई काजं अर्धवट टाकून आलेली, आणि काका गर्दीतून पुढे घुसून यादी बघताहेत. मान तिरपी झाली. दूध नासल्यासारखं तोंड झालं.

“काका, नाव नाही का?”

“नाव आहे,” काका म्हणाले. “अकराही आहेत.”

“मग?”

“लिहिलंय बघ कसं. गंजलेल्या विळ्याने कापल्यासारखं. धाकटीच्या नावावर रेघ आहे ती तरी सरळ आहे का? हिची लेकरं उद्या विचारतील, आईचं नाव पहिल्यांदा कुठे लागलं होतं, तर हे दाखवायचं?”

त्यांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. खिडकीतून तो कारकून आमच्याकडेच बघत होता.

मी मुठीतली एक चूक काढून त्यांच्यापुढे धरली.

“काका,” म्हटलं, “धरा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग चूक घेतली, ओठांत धरली, आणि आम्ही सगळे बँकेकडे निघालो.